आधी थर, मग दात

प्रिय पोरी,

पत्र मिळालं, सोबतचा फोटोही. तुला सापडलेला जीवाश्म दात छान आहे. इनॅमल शाबूत आहे, उंचवटेही फारसे झिजलेले नाहीत. पण तळहातावर ठेवलेल्या दाताचं मी काय करू? शेजारी मोजपट्टी नाही, आणि तो जिथे पडला होता तिथला एकही फोटो नाही. आधी तो ज्या मातीच्या थरातून आला तो थर, मग दात. हे तुला भेटीतही सांगितलं होतं.

असो. तुझा खरा प्रश्न वेगळाच आहे: माणसाचा वंशवृक्ष दर दोन वर्षांनी बदलतो, मग शिकायचं तरी काय? मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा रामापिथेकस नावाचा प्राचीन वानर हा माणसाचा पूर्वज म्हणून पाठ करत होतो. १९३२ साली हिमाचलातल्या हरितल्यांगरला सापडलेला जबड्याचा एवढासा तुकडा, आणि त्यावर उभी केलेली अख्खी वंशावळ! पुढे रेणूंचा अभ्यास करणारे म्हणू लागले की माणूस आणि चिंपँझी वेगळे होऊन जेमतेम पन्नास लाख वर्षं झालीत; रामापिथेकस तर त्याहून कितीतरी जुना. कोणी फारसं ऐकलं नाही. मग पाकिस्तानातल्या पोटवारच्या पठारावर शिवापिथेकस या दुसऱ्या प्राचीन वानराचा चेहरा मिळाला आणि तो निघाला ओरांगउटानच्या वळणाचा. रामापिथेकस त्याच्याच गोतावळ्यातला, म्हणजे माणसाचा पूर्वज नव्हेच. तो पूर्वज आहे असं ठासून सांगणारे जीवाश्मतज्ज्ञ डेव्हिड पिलबीम यांनी स्वतःच मांडलेलं मत मागे घेतलं.

आता मला सांग, यात बदललं काय? नाव बदललं, नातं बदललं. तो जबडा ज्या गाळात होता तो गाळ जागचा हलला नाही. म्हणून म्हणतो, वृक्ष पाठ करू नकोस, थर वाचायला शीक.

दक्षिण आफ्रिकेतल्या गुहेत सापडलेल्या होमो नालेडी या माणसाच्या नातलगाचं बघ. २०१५ साली जाहीर झाला तेव्हा त्या गुहेतून पंधराशेच्या वर हाडं निघाली होती, पण वय ठाऊक नव्हतं. मेंदू लहान, म्हणून कोणी वीस लाख वर्षं धरली. २०१७ मध्ये वय आलं: सुमारे २,३६,००० ते ३,३५,००० वर्षं! एवढी हाडं हातात असून नुसत्या रूपावरून अंदाज असा चुकतो. उलट टांझानियात लेटोलीला १९७८ साली मिळालेली पावलांची रांग घे. त्या रांगेत हाड एकही नाही, पण ठसे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेले, आणि राखेचं वय मोजता येतं, म्हणून ३६ लाख वर्षं ठामपणे म्हणता येतात. आणि नर्मदाकाठी हथनोऱ्याला १९८२ साली भूवैज्ञानिक अरुण सोनाकियांना सापडलेली आदिमानवाची कवटी? नदीनं आणून टाकलेल्या गोट्यांच्या थरात होती, आणि असा थर कुठकुठलं काय काय एकत्र करतो. तिच्या वयाचा वाद अजून मिटलेला नाही.

माझ्या टेबलाच्या खणात जबड्याचा एक तुकडा आहे. एका संध्याकाळी ओघळीत दिसला. आभाळ भरून आलं होतं, म्हटलं नोंद उद्या करू, आणि खिशात टाकला. रात्री असा कोसळला की सकाळी ती ओघळ ओळखू येईना. त्या तुकड्याच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘बहुधा वरचा थर’. त्या ‘बहुधा’नं माझी किती वर्षं खाल्ली, मला विचार.

त्यानंतर मी हेकट झालो म्हणतात. झालो. एका वरिष्ठांना दुसऱ्या एका नमुन्यापुढे ‘खालचा थर’ असं बिनदिक्कत लिहायचं होतं. पुरावा नव्हता. मी लेखातून नाव काढून घेतलं. लेख छापून आला, बाकीच्यांचं भलं झालं, मी होतो तिथेच राहिलो. जरा गोडीनं बोललो असतो तर कदाचित ते ऐकतेही. माझी जीभ तेव्हा फार चालायची. पण थराच्या बाबतीत माझंच बरोबर होतं, हे मी आजही कुणालाही सांगेन. तुलाही सांगितलंच.

तेव्हा रडगाणं पुरे. उद्याच परत जा. दात जिथे उचललास ती जागा शोध, चढाच्या वरच्या अंगाला कुठला थर उघडा पडलाय ते बघ. घरंगळून आला असेल तर वरूनच आला असणार. प्रत्येक थराचा चिमूटभर नमुना वेगळ्या पुडीत घे आणि पुडीवर तिथल्या तिथे लिही, घरी येऊन नको. मग दाताच्या मुळांच्या बेचक्यात अडकलेला गाळ त्यांच्याशी ताडून बघ: रंग, कणांचा आकार.

फोटोत त्या बेचक्यात करडं काहीतरी दिसतंय. ते अजून तिथेच असू दे. दात धुतला नसशील ना? ब्रश तर मुळीच लावू नकोस.