गॅस काढल्यामुळे भूकंप झाला तर कंपनीला जबाबदार धरता येतं का?

हो, येतं, आणि नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनमध्ये ते झालंय, पण लोकांना फार वर्षं भांडावं लागलं. तिथे १९६३ पासून शेल आणि एक्सॉनमोबिलची जॉइंट कंपनी, तिचं नाव ‘नाम’ (NAM), गॅस काढत होती. जवळपास ३ किलोमीटर खाली वाळूचा खडक, त्यातला गॅस गेला की प्रेशर कमी होतं, खडक दबतो आणि जुन्या भेगा सरकतात. १६ ऑगस्ट २०१२ ला हुइझिंगेला ३.६ चा धक्का बसला, आकडा छोटा वाटतो पण केंद्र एवढं वर आणि वरची माती मऊ, त्यामुळे विटांच्या घरांना तडेच तडे.

खरा प्रश्न पुराव्याचा असतो. माझं घर गोव्यात डिचोलीजवळ, खाण चालू होती तेव्हा आमच्याही भिंतीला चीर गेली, विचारायला गेलो तर उत्तर काय, घर जुनं आहे तुमचं! आता सामान्य माणूस कुठून आणणार जिऑलॉजिस्ट? म्हणून मला डच कायद्यातला बदल सगळ्यात मोठा वाटतो, २०१६ च्या शेवटापासून त्या भागातली चीर गॅसमुळेच पडली असं धरायचं, नाही म्हणायचं असेल तर ते कंपनीने सिद्ध करायचं. सरकारही धुतल्या तांदळासारखं नव्हतं हां, सगळ्यात जास्त पैसा त्यालाच मिळत होता. शेवटी ऑक्टोबर २०२३ ला उत्पादन थांबवलं.

आपल्याकडे १९८६ च्या एम. सी. मेहता केसमध्ये (दिल्लीतली वायुगळती) सुप्रीम कोर्टाने धोकादायक उद्योगावर पूर्ण जबाबदारी टाकलीय, पण चीर कशामुळे पडली हे दाखवायचं ओझं अजून घरवाल्याच्याच डोक्यावर. म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच घराचे तारखेसकट फोटो काढून ठेवा.