जुन्या डच फळाफुलांच्या पेंटिंगमधली पानं निळी का असतात? माझ्याकडच्या यान व्हान हाउसुमच्या प्रिंटवरून कॉपी करताना निळीच ठेवू का?

प्रिंट बिघडलेली नाहीये, मूळ चित्रातच पानं निळसर झालीत. झालीत म्हणतेय कारण रंगवली तेव्हा ती हिरवीच होती.

मी स्वतः ऑइलमध्ये फळंफुलं रंगवते, त्यामुळे हा विषय एकदम जवळचा. तुम्ही ज्याचं चित्र घेतलंय तो यान व्हान हाउसुम (१६८२–१७४९) ॲमस्टरडॅमचा, कमालीचा काटेकोर. १७४२ च्या पत्रात तो गिऱ्हाइकाला कळवतो की पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून चित्र अडलंय! लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं एक फुलांचं चित्र आहे, खाली अंडी असलेलं घरटं, त्यावर १७३६ आणि १७३७ अशी दोन सालं आहेत, सगळी फुलं एका ऋतूत थोडीच येतात. असा माणूस पानाचा रंग चुकवेल का?

झालं असं की तेव्हा पारदर्शक आणि टिकाऊ हिरवा मिळायचाच नाही, तांब्यापासूनचा होता तो पुढे तपकिरी पडायचा. मग पान आधी निळ्यात रंगवायचं, शिरा, उजेड, सावली सगळं, वाळू द्यायचं आणि वरून पिवळ्याचा ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, द्यायचा. हा पिवळा झाडपाल्याचा, वेल्ड किंवा बकथॉर्नसारख्या झाडांचा रस काढून तो तुरटी-खडूवर बसवलेला. आणि असा रंग उजेडात टिकत नाही. हळदीचा डाग लागलेला पांढरा शर्ट धुऊन उन्हात टाकला की संध्याकाळपर्यंत डाग गायब होतो ना, तसंच, फक्त इथे शे-दोनशे वर्षं लागली. पिवळा उडाला, खालचा निळा राहिला.

मग शेजारची पिवळी फुलं कशी टिकली, तर ती शिशापासूनच्या दाट पिवळ्याने रंगवलेली असतात, तो रंग उडत नाही पण पारदर्शकही नाही, त्यामुळे ग्लेझला चालायचा नाही.

कॉपीत पानं हिरवीच करा असं मला मनापासून वाटतं. प्रशियन ब्लूमध्ये थोडा पांढरा घालून पान पूर्ण बसवा, आठवडाभर वाळू द्या, घाई नको, मग लिनसीड तेलात पातळ केलेला ट्रान्सपरंट यलो मऊ ब्रशने एकच हात. ट्यूबवर लाइटफास्टनेस १ (म्हणजे उजेडात सगळ्यात टिकाऊ) लिहिलंय ना ते दुकानातच बघून घ्या.