पतसंस्थेच्या वेबसाइटवर अक्षरांची साइझ पिक्सेलमध्ये द्यावी की एम, रेम, टक्क्यात?

तुम्ही लिहिलंय की निपाणीच्या पतसंस्थेची साइट मराठी आणि कन्नड दोन्हीत करताय, सभासद बहुतेक वयस्कर आहेत, आणि कुणी पिक्सेल सांगतंय तर कुणी एम, त्यामुळे गोंधळ झालाय. मी बेळगावात असलीच दोन भाषांची कामं करतो, म्हणून सरळ सांगतो: अक्षरांसाठी रेम घ्या आणि html ला, म्हणजे पानाच्या सगळ्यात बाहेरच्या टॅगला, साइझ देऊच नका, फारतर १०० टक्के ठेवा.

कारण ब्राउझरची स्वतःची साइझ साधारण १६ पिक्सेल असते, पण ती वाचणाऱ्याला बदलता येते की. क्रोमच्या सेटिंगमध्ये फॉन्ट साइझ 'व्हेरी लार्ज' केली की तीच २४ होते, आणि १ रेम म्हणजे हीच मुळातली साइझ, त्यामुळे काकांनी एकदा सेटिंग केलं की तुमची साइट आपोआप मोठी दिसते. तुम्ही १४ पिक्सेल लिहून ठेवलं तर ते सेटिंग तिथं चालतच नाही. आता कुणी म्हणेल झूम केलं की पिक्सेलपण मोठं होतं, होय, होतं, जुन्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये पिक्सेलची अक्षरं मोठीच करता यायची नाहीत, ती अडचण आता राहिली नाही. पण ज्यांनी आपल्या डोळ्यांसाठी सेटिंग आधीच करून ठेवलंय त्यांना तुमच्या साइटवर परत झूम का करायला लावायचं? ठेवीचा व्याजदर वाचायला आलेल्या माणसाला तो दिसलाच पाहिजे, मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

एम वाईट नाही, पण ते ज्या डब्यात आहे त्याच्या अक्षराच्या साइझवर चालतं, आणि पतसंस्थेच्या साइटवर पोटनियम असतातच, म्हणजे यादीत यादी आणि त्यात परत यादी. यादीला ०.८५ एम दिलं तर पहिल्या पातळीला १३.६ पिक्सेल, दुसरीला ११.५६, तिसरीला दहाच्याही खाली. टक्क्याचंही तेच होतं. रेमला या उतरंडीशी काही देणंघेणं नाही, म्हणून ते भरवशाचं. एम मी बटणाच्या आतल्या जागेला वापरतो, अक्षर वाढलं की जागाही वाढते. आणि पॉइंट फक्त छापायच्या स्टाइलशीटला, पावती-बिवती प्रिंट करायची असेल तर.

काहीजण html ला ६२.५ टक्के देऊन १ रेम म्हणजे १० पिक्सेल असं गणित सोपं करतात. सेटिंगचा मान त्यातही राहतो, पण बाहेरून आणलेला एखादा तयार भाग १ रेम म्हणजे १६ धरून बनवलेला असला की तो बारीक होऊन बसतो, म्हणून मी करत नाही. मोठ्या हेडिंगला नुसतं व्हीडब्ल्यू, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीच्या टक्क्यात मोजलेली साइझ, देऊ नका, कारण कॉम्प्युटरवर झूम केलं तरी ते वाढत नाही. क्लॅम्प घ्या, म्हणजे साइझला खालची आणि वरची मर्यादा घालता येते: कमीत कमी १.५ रेम, मध्ये १ रेम अधिक २ व्हीडब्ल्यू, जास्तीत जास्त २.२५ रेम, मग फोनवरही बसतं आणि मोठ्या स्क्रीनवरही.

आता खरी आपल्याकडची गोष्ट. इंग्रजीसाठी लिहिलेले आकडे देवनागरीला तसेच चालवू नका. आपल्या अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, त्यामुळे त्याच साइझमध्ये मधलं अक्षर बारीक दिसतं. मी मराठी मजकुराला १.१२५ रेम देतो, म्हणजे मूळ सेटिंगला १८ पिक्सेल. कन्नडचंही बघा, 'चिक्कोडी' कन्नडमध्ये लिहिलं की दुसरा क पहिल्याच्या खाली जातो, ओळी चिकटलेल्या असल्या की तो खालच्या ओळीत घुसतो. म्हणून लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, १.६ किंवा १.७ द्या आणि ती नुसत्या आकड्यात द्या, पुढं युनिट लावू नका. बॉडीला, म्हणजे पानाच्या सगळ्या मजकुराला, १.६ एम लिहिलंत तर १६ च्या हिशोबाने २५.६ पिक्सेल ठरतं आणि तेच खाली उतरतं, मग ३२ पिक्सेलच्या हेडिंगच्या दोन ओळी एकमेकींवर चढतात. आणि लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा जागा, मराठीला अजिबात नको, शिरोरेषा तुटते.

प्रत्येक भागाला lang, म्हणजे भाषा सांगणारी खूण, नक्की लावा, मराठीला mr, कन्नडला kn, म्हणजे दोन्हीच्या साइझ वेगवेगळ्या देता येतात आणि अंध सभासदाचा स्क्रीन रीडरही योग्य आवाज निवडू शकतो. डब्यांची उंची पिक्सेलमध्ये पक्की करू नका, मिन-हाइट, म्हणजे कमीत कमी उंची, द्या, नाहीतर अक्षर वाढलं की खालचा मजकूर कापला जातो. बॉर्डर मात्र खुशाल १ पिक्सेल ठेवा.

फॉर्मच्या रकान्यांना १ रेमच्या खाली जाऊ नका, आयफोनवर १६ पिक्सेलपेक्षा बारीक रकान्यात बोट ठेवलं की पूर्ण पान झूम होतं आणि सभासदाला खाते नंबर कुठं टाकायचा तेच कळत नाही. साइट चालू करायच्या आधी क्रोमचा फॉन्ट 'व्हेरी लार्ज' करून व्याजदराचा तक्ता आणि पोटनियमाचं पान दोन्ही भाषांत उघडून बघा, कुठं कापलं जात असेल तर तो भाग इथंच टाका, मी बघतो.