दीपगृहांच्या ग्रुपमध्ये नवीन आलायस ना, मग सुरुवात कोर्लईपासून कर

ग्रुपमध्ये स्वागत रे! नवीन मंडळी उत्साहात पहिल्यांदाच अलिबागजवळच्या खांदेरी बेटावरचं नाहीतर मुंबईत कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्ज दीपगृह बघायच्या मागे लागतात, पण खांदेरीला होडी लागते आणि 1875 चं प्राँग्ज म्हणजे ओहोटी गाठूनच चालत जायचं, त्यात परवानगीचं बघायचं, ते सगळं नंतर. आधी रायगड जिल्ह्यातलं कोर्लई किंवा रत्नागिरीचं दीपगृह कर, थेट गाडीरस्ता आहे.

- बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी थोडा वेळच आत सोडतात, आधी चौकशी करूनच नीघ.
- वर गेल्यावर दिव्याच्या भिंगाला बोट लावू नकोस. दिवसा तिथे पडदे ओढलेले दिसतील, फोटोसाठी ते सरकवायला सांगू नकोस प्लीज, जुन्या मोठ्या भिंगातून ऊन एकवटलं की चक्क आग लागू शकते.
- अंधार पडल्यावर किनाऱ्यावर थांब आणि घड्याळ लावून झोत मोज, किती सेकंदांनी किती वेळा लुकलुकतो ते. प्रत्येक दीपगृहाचं ते वेगळं असतं, खलाशी त्यावरूनच ओळखतात, आणि खरी गोडी इथेच लागते बघ.

जतनाचं म्हणशील तर लगेच रंगकामाचे बेत नकोत, दीपगृहावरचे रंगीत पट्टे दिवसा जहाजांना ओळखू यावं म्हणून असतात. सध्या नुसते तारीख घालून फोटो काढत जा, गंज, तडे, जिन्याचे कठडे सगळं. दीपगृहांसारख्या सागरी दिशादर्शक साधनांसाठीच्या 2021 च्या केंद्रीय कायद्यात वारसा दीपगृहांची तरतूद आलीय, त्याबद्दल पहिली दोन-तीन बघून झाली की निवांत बोलू.