मुहूर्त आणि शेवटचे आठवडे

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

सदतीस आठवडे भरले आहेत, बाळाचे वजनही चांगले आहे, आणि घरची मंडळी पंचांग पाहून सिझेरियनची वेळ ठरवून आली आहेत. अशा वेळी त्यांना कशाच्या आधारावर थांबवायचे, असे तू विचारले आहेस. आधार भक्कम आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सदतीस पूर्ण झाले की दिवस भरले, हा हिशेब आपणही वर्षानुवर्षे शिकवला. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये पूर्ण मुदत ३९ आठवड्यांपासून धरली, त्यामागे ठोस कारणे होती. चौतिसाव्या आठवड्यात मेंदूचे वजन पूर्ण मुदतीच्या सुमारे ६५ टक्केच असते. उरलेला तिसरा हिस्सा याच शेवटच्या आठवड्यांत वाढतो. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे सर्वाधिक जातात तीही अखेरीस, आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने पुरेल असा लोहाचा साठाही तेव्हाच भरत असतो.

नातेवाइकांना सर्वांत लवकर पटते ती फुप्फुसांची गोष्ट. वायुकोश मिटू न देणारे सरफॅक्टंट ३४-३५ आठवड्यांपर्यंत बहुधा पुरेसे तयार होते, त्यामुळे पुढे धोका नाही असे आपल्यातलेही काहीजण मानतात. परंतु फुप्फुसे जन्मापर्यंत द्रवाने भरलेली असतात, आणि तो द्रव शोषला जाण्याची प्रक्रिया प्रसूतीच्या कळांबरोबर, बाळाच्या शरीरातील ॲड्रेनॅलिन वाढल्यावर, खऱ्या अर्थाने वेग घेते. कळांविना काढलेले सदतीस आठवड्यांचे बाळ गुटगुटीत दिसते, छान रडते. मग तासाभरात त्याच्या नाकपुड्या फुलू लागतात, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, प्रत्येक उच्छ्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येतो आणि श्वास मिनिटाला साठाच्या वर जातात. बहुतेक बाळे दोन-तीन दिवसांत सावरतात, पण ते दिवस आई वॉर्डात आणि बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, असे जातात. ज्याला श्वासाचा त्रास होत नाही, तेही कधी चार घोट ओढून स्तनाशीच झोपते; घरचे त्याला शांत बाळ म्हणतात, आणि तिसऱ्या दिवशी ते पिवळे पडलेले असते. अशा बाळाला दर दोन-तीन तासांनी उठवून पाजायला लाव.

कोणतीही तारीख देण्यापूर्वी पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफी स्वतः पाहा. तिच्यातली चूक पाच-सात दिवसांची असते. शेवटच्या महिन्यातील सोनोग्राफी तीन आठवड्यांपर्यंतही चुकू शकते, म्हणजे कागदावरचे सदतीस प्रत्यक्षात पस्तीस असू शकतात.

मुहूर्त मागणाऱ्यांवर रागावू नकोस, त्यांनाही बाळाचे भलेच हवे असते. आधीची दोन सिझेरियन किंवा पायाळू बाळ अशा कारणाने शस्त्रक्रिया ठरलेलीच असेल, तर एकोणचाळीस पूर्ण झाल्यानंतरच्या तारखा त्यांच्यापुढे ठेव आणि त्यांतून मुहूर्त निवडू दे.

रक्तदाब चढत असेल, मधुमेह आटोक्यात नसेल किंवा बाळाची वाढ खुंटली असेल, तर मात्र हे सारे बाजूला ठेवून वेळेवर निर्णय घे. तिथे थांबण्यातच धोका असतो. अखेरीस जागा कमी पडते म्हणून हालचाल मंदावते, हा समज मला फार घातक वाटतो. हालचालींची तऱ्हा बदलते, त्या कमी होता कामा नयेत. तशी तक्रार घेऊन कोणी मध्यरात्री आली, तरी बाळाचे ठोके नीट तपासल्याशिवाय तिला घरी पाठवू नकोस.

तुझी,
मॅडम