वाचक विचारतात : मुंबईतील व्हिक्टोरियाकालीन नाट्यगृह

प्रश्न : रॉयल ऑपेरा हाउसच्या एका छायाचित्राखाली ‘व्हिक्टोरियाकालीन नाट्यगृह’ असे छापलेले पाहिले. हे वर्णन बरोबर आहे काय? नसल्यास राणीच्या काळात मुंबईत कोणते नाट्यगृह होते, त्यात मराठी नाटके होत असत का, आणि त्यांपैकी आज काही शिल्लक आहे का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : वर्णन बरोबर नाही. राणी व्हिक्टोरियाचे निधन जानेवारी १९०१ मध्ये झाले, तर ऑपेरा हाउसचे बांधकाम १९०९ च्या सुमारास सुरू झाले आणि १९११ मध्ये पंचम जॉर्ज भारतात आले असता, काम अपुरे असतानाच, त्याचे उद्घाटन उरकण्यात आले. जुन्या मुंबईतील प्रत्येक कोरीव दगडी इमारतीला राणीचे नाव चिकटवण्याची आपल्याकडे सवयच आहे.

खरे व्हिक्टोरियाकालीन नाट्यगृह म्हणजे ग्रँट रोडचे, आणि त्याची कहाणी अधिक सुरस आहे. त्यापूर्वी फोर्टमध्ये, बॉम्बे ग्रीन या मोकळ्या मैदानावर, १७७६ साली वर्गणीतून उभे राहिलेले इंग्रजांचे एक नाट्यगृह होते. ते कर्जात बुडाल्यामुळे १८३५ साली विकावे लागले व पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांनी ते घेतले. देणी भागवून उरलेली रक्कम सरकारकडे राहिली होती. नव्या नाट्यगृहाची मागणी करणाऱ्या नागरिकांनी ती मिळवली, जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांनी ग्रँट रोडवरील स्वतःची जागा दिली आणि फेब्रुवारी १८४६ मध्ये नवे नाट्यगृह सुरू झाले. तेथे प्रथम खेळ होत ते इंग्रजी नाटकांचे.

मात्र ज्या प्रेक्षकांसाठी ते बांधले, त्यांना ते गैरसोयीचे ठरले. गोरा साहेब राहत असे फोर्ट, कुलाबा किंवा मलबार हिलवर. ग्रँट रोड त्या वेळी शहराच्या कडेला होता, आणि नाटकासाठी रात्री इतक्या दूर गाडी हाकण्याची त्याला हौस नव्हती. उलट गिरगाव, भुलेश्वर आणि काळबादेवीच्या रहिवाशांना तीच जागा जवळची होती. नाट्यगृह देशी रंगभूमीच्या हाती आले, त्यामागे माझ्या मते कोणाच्या औदार्यापेक्षा या अंतराचा वाटा मोठा आहे.

सांगलीत १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ सादर करणारे विष्णुदास भावे आपली मंडळी घेऊन मुंबईत आले आणि मार्च १८५३ मध्ये त्यांनी याच नाट्यगृहात तिकीट लावून मराठी खेळ केला. तोवर संस्थानिकांच्या आश्रयावर आणि वाड्यांच्या चौकांत चाललेल्या नाटकाला प्रथमच असा प्रेक्षक लाभला, जो पैसे मोजून खुर्चीवर बसत होता आणि म्हणूनच खेळ नावडल्यास उद्या न येण्यास मोकळा होता. सूत्रधाराची पदे, विदूषक आणि राक्षसांचा धुमाकूळ हे सारे आता पडदा व कमान असलेल्या विलायती घडणीच्या मंचावर दिसू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पारशी मंडळींनी तेथे रुस्तुम-सोहराबच्या कथेवरील नाटक केले. पुढे अर्धशतक गाजलेल्या पारशी रंगभूमीची सुरुवात तेथूनच धरली जाते. (भाव्यांच्या त्या खेळानंतर थोड्याच दिवसांत, १६ एप्रिलला, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे धावली आणि त्या रेल्वे कंपनीशीही नाना निगडित होते, हे जाता जाता नमूद करण्याजोगे आहे.)

पुढे ग्रँट रोडच्या परिसरात नाटकघरांची रांगच लागली. फोर्टच्या बाजूला मात्र १८७९ साली कुंवरजी नाझर यांनी गेइटी थिएटर उघडले, आणि मागाहून नॉव्हेल्टी आले. वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवल्यावर आठवड्याभरात ते खेळ नॉव्हेल्टीतच हलवण्यात आले आणि तेथे तिकीट चार आण्यांपासून होते.

आपल्या शेवटच्या प्रश्नाविषयी : ग्रँट रोडचे नाट्यगृह आज अस्तित्वात नाही, नॉव्हेल्टीच्या जागी एक्सेल्सियर चित्रपटगृह झाले, आणि गेइटी म्हणजेच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरील, पुढे कॅपिटॉल चित्रपटगृह झालेली इमारत. राणीच्या काळातील नाट्यगृहाचे छायाचित्र हवे असेल, तर ते या इमारतीचे घ्यावे.