गुलमर्गला स्कीइंग शिकायचंय. क्लास लावू की व्हिडिओ बघून स्वतःच शिकू?

क्लास लावाच, निदान पहिले तीन-चार दिवस तरी. व्हिडिओतून तंत्र कळतं, पण उतारावर वेग आला की घाबरून शरीर आपोआप मागे झुकतं. वजन टाचांवर गेलं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात आणि वळणं हातची जातात. नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेली हवी. ती सुटली की आपल्याला पत्ता लागत नाही, शिक्षकाला मात्र लांबूनही दिसतं. शिवाय स्कीची टोकं जवळ आणि टाचा लांब करून हमखास थांबता येईपर्यंत वरच्या उतारावर जाऊच नये, खाली दुसरी माणसं असतात.

गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, तिचे कोर्स आधी बघा. उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगम शिकवतं.

स्नोबोर्ड घेणार असाल तर मनगटाचे गार्ड घाला, नवखे हातावरच पडतात.

कोर्सनंतर सोप्या उतारावर एकट्याने भरपूर सराव करा, खरी सफाई तिथेच येते. गुलमर्गच्या गंडोल्याच्या, म्हणजे केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्यावर, अफरवटला, मात्र गाइडशिवाय नको. तिथे हिमस्खलन होतं.